वसंतसंपात, विषुवदिन आणि मेलबर्नचा मार्च

मेलबर्नला राहणाऱ्या एका वाचकाने विचारलंय : "मुलीला मराठी शिकवताना 'वसंतसंपात' हा शब्द आला. इथे मार्चमध्ये पानं पिवळी पडायला लागतात, मग हा वसंत कुठला? 'विषुवदिन' म्हणजे तेच का? आणि त्यात 'विष' का आहे, असं तिने विचारलं तेव्हा मला उत्तर देता आलं नाही."

आधी विषाचं बघू, कारण ही शंका मोठ्यांनाही येते. 'विषववृत्त' असं लिहिलेलं मी छापील मजकुरातही पाहिलं आहे. विषाशी या शब्दाचा काही संबंध नाही. संस्कृतात 'विषु' म्हणजे दोन्ही बाजूंना. 'विषुवत्' म्हणजे ज्याच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत असा, मधला. वर्षभर चालणाऱ्या गवामयन या वैदिक यज्ञसत्राच्या मधल्या दिवसाला 'विषुवान्' म्हणत. ऐतरेय ब्राह्मणात त्यासाठी माणसाची उपमा आली आहे : उजवं अंग म्हणजे आधीचं अर्धं, डावं अंग म्हणजे नंतरचं अर्धं आणि मधलं डोकं म्हणजे विषुवान्. तैत्तिरीय ब्राह्मणात वर्षाच्या दोन अर्धांना घराच्या दोन 'पक्षसी' म्हटलं आहे. कौलारू घराच्या उतरत्या बाजूला आपण 'पाखं' म्हणतो, त्याचं मूळही या 'पक्षा'तच. मला तर विषुव म्हटलं की दोन पाख्यांमधलं आढंच डोळ्यांसमोर येतं.

अमरकोशाच्या काळापर्यंत अर्थ नेमका झाला होता : 'समरात्रिन्दिवे काले विषुवद्विषुवं च तत्', म्हणजे रात्र आणि दिवस सारखे असतात तो काळ. खरं तर त्या दिवशीही दिवस काकणभर मोठाच असतो. हवेतून येताना किरण वाकतात आणि सूर्यबिंबाची वरची कड दिसली की आपण सूर्योदय धरतो. त्यामुळे मुंबईला दिवस-रात्र जवळजवळ सारखी होते ती १४ मार्चच्या सुमारास.

'संपात' वेगळा. सम् + पात, एकत्र येऊन पडणं, मिळणं. सूर्याचा वार्षिक मार्ग म्हणजे क्रांतिवृत्त. पृथ्वीचं विषुववृत्त आकाशात वाढवलं की दुसरं वर्तुळ मिळतं. ही दोन वर्तुळं एकमेकांना छेदतात ते दोन बिंदू म्हणजे संपात. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला छेदते त्या बिंदूंनाही 'पात'च म्हणतात, तेच आपले राहू आणि केतू. म्हणून संपात हा बिंदू, आणि सूर्य तिथे पोचतो तो क्षण. विषुवदिन हा तो क्षण ज्या दिवशी येतो तो दिवस. २०२४ साली भारतीय वेळेनुसार २० मार्चला सकाळी ८ वाजून ३६ मिनिटांनी वसंतसंपात झाला आणि २०२५ साली २० मार्चलाच दुपारी २ वाजून ३१ मिनिटांनी. बोलताना दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी आले तर बिघडत नाही, पण 'संपात दिवसभर असतो' असं म्हणू नये.

आता वसंत. युरोपीय पद्धतीत या दिवशी वसंत सुरू होतो आणि तेच वाक्य आपल्याकडे जसंच्या तसं उचललं जातं. ते मला खटकतं. आपल्या सहा ऋतूंच्या सौर गणनेत उत्तरायणापासून दोन महिने शिशिर आणि पुढचे दोन वसंत, म्हणजे साधारण १९ फेब्रुवारी ते २० एप्रिल. संपात त्याच्या बरोबर मध्यावर येतो. महाराष्ट्रातला पळस आणि पांगारा मार्च सरण्याची वाट बघत नाहीत, तेव्हा ही गणना आपल्या रानाशीही जुळते. 'वसंताच्या मध्यावरचा संपात' असाच अर्थ मी धरतो.

विषुव हा शब्द सणांच्या नावांत टिकला, पण तारीख मात्र सुटली. केरळचं विषु, तुळुनाडूतलं बिसु, ओडिशाची महाविषुव संक्रांती, हे सगळे सण १४ एप्रिलच्या आसपास मेष संक्रांतीला येतात. कारण अयनचलन. संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात, पण संपातबिंदू नक्षत्रांमधून दर ७२ वर्षांत सुमारे एक अंश मागे सरकतो आणि आज तो मीन राशीत, उत्तरा भाद्रपदा नक्षत्रात आहे. हेच सरकणं हाताशी धरून लोकमान्य टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' या ग्रंथात वेदकाळ ठरवण्याचा प्रयत्न केला. भारत सरकारच्या सौर दिनदर्शिकेने मात्र वर्ष पुन्हा संपाताजवळ आणलं : १ चैत्र म्हणजे २२ मार्च, लीप वर्षी २१.

मेलबर्नसाठी माझी पसंती 'विषुवदिन' या शब्दाला, कारण त्यात ऋतूच नाही. 'मार्चचा विषुवदिन', 'सप्टेंबरचा विषुवदिन' म्हटलं की कुठल्याही गोलार्धात खरं ठरतं. 'वसंतसंपात' हे आकाशातल्या बिंदूचं नाव म्हणून तिला जरूर शिकवा, फक्त ते नाव उत्तर गोलार्धातल्या लोकांनी ठेवलंय हेही सांगा.

आणि एक शब्द अजून : 'पलभा'. विषुवदिनी मध्यान्हीला बारा अंगुळांच्या शंकूची, म्हणजे उभ्या खुंटीची, जी सावली पडते, ती त्या गावाची पलभा. पुण्याची जवळजवळ ४ अंगुळं, नागपूरची ४.६, पणजीची ३.३. मुलीला बारा सेंटिमीटरची काडी सपाट जागी उभी करायला सांगा. मेलबर्नला घड्याळात दीड वाजायच्या सुमारास सावली सगळ्यांत आखूड होईल आणि ती ९.३ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. पुण्यात त्या दिवशी कुणी नातेवाईक हेच करणार असतील, तर त्यांची सावली ४ सेंटिमीटरची, उत्तरेकडे. तिची दक्षिणेकडे.