स्वयंपाकघराची किल्ली

प्रश्न : मावशी, प्रभूमध्ये सलाम. माझं वय 52. आमची मंडळी, म्हणजे चर्च, लहान, साठेक घरांची. गेली चौदा वर्षं रविवारच्या उपासनेनंतरचा चहा, मयत झालेल्या घरचं जेवण, दवाखान्यातल्यांचे डबे, सगळं माझ्याकडेच आहे. मंडळीच्या स्वयंपाकघराची किल्लीसुद्धा माझ्याच पदराला. आता गुडघे साथ देत नाहीत. यंदा नाताळच्या प्रीतिभोजनाचं मला जमणार नाही म्हटलं, तर मंडळीचा कारभार पाहणारे एक वडील सगळ्यांसमोर म्हणाले, “सेवेत हिशेब ठेवायचा नसतो.” घरी येऊन खूप रडले. मी थांबले तर पाप होईल का?
– एक भगिनी, श्रीरामपूर तालुका

उत्तर : सलाम बाई. पाप होणार नाही, हे आधी सांगते, म्हणजे आज रात्री तुम्हाला झोप लागेल.

आता त्या वाक्याविषयी. कुणी किती उपकार केले याचा हिशेब ठेवू नये, हे खरं. पण कामाचा हिशेब ठेवावाच लागतो. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढा. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत रोज अन्न वाटलं जायचं आणि त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जात होत्या. कुरकुर झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही. सगळ्यांना बोलावलं, सात माणसं निवडून घ्यायला सांगितली आणि ते काम त्यांच्यावर सोपवलं. त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्या बाजूची तक्रार होती, जबाबदारी बहुधा त्याच बाजूच्या माणसांच्या हाती दिली. मला हे फार मोठं वाटतं. आणखी एक. तिथे पंगतीच्या सेवेला आणि वचनाच्या सेवेला मूळ ग्रीकमध्ये शब्द एकच आहे, डायकोनिया. तुमचा चहा आणि पाळकसाहेबांचा उपदेश यांना शास्त्रात एकच नाव आहे, बाई.

मार्थेची गोष्ट तुम्हाला कुणीतरी ऐकवली असेलच: प्रभू घरी आला, बहीण मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसली, मार्था कामातच राहिली आणि तक्रार करू लागली. लूकच्या दहाव्या अध्यायात मार्था ज्या कामात गुंतून गेली होती, त्यालाही हाच शब्द आहे. प्रभूने तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवली नाहीत, तिची दगदग पाहिली. पुढे योहानाच्या बाराव्या अध्यायात, वल्हांडण या यहुदी सणाच्या सहा दिवस आधी, ती पुन्हा वाढतेच आहे, आणि तिथे तिला कुणी थांबवत नाही.

मी सदतीस वर्षं नर्स होते. आमच्याकडे ड्यूटी संपली म्हणून कुणी तसंच उठून जात नसे. आधी चार्ज द्यायचा. चार नंबरच्या सलाईनला एवढा वेळ राहिलाय, सात नंबरला रात्रभर झोप नाही, अकरा नंबरच्या घरून कुणी आलेलं नाही. हे सगळं वहीत लिहायचं आणि येणाऱ्या सिस्टरला तोंडीही सांगायचं. जी सिस्टर चार्ज न देता जाते, तिच्यामुळे पेशंटचे हाल होतात. आणि जी चार्ज द्यायचाच नाही म्हणून दुसऱ्या दिवशीही तशीच उभी राहते, तिच्या हातूनही कधीतरी औषध चुकतं. दोन्ही मी पाहिलंय.

तेव्हा तुम्ही थांबू नका, चार्ज द्या. दोनशे पानी वही घ्या. चहाला साखर किती, गॅसवाल्याचा नंबर, कुठल्या घरात मधुमेह आहे, कुठल्या म्हाताऱ्याला मऊ भात लागतो. चौदा वर्षांचं हे सगळं फक्त तुमच्या डोक्यात आहे, ते आधी कागदावर उतरवा. मग पाळकसाहेबांना भेटा आणि एका रविवारी दोन घरं अशी पाळी लावून घ्या. पुरुषांनाही धरा. डबे पोहोचवायला तरुण संघातली मोटारसायकलवाली मुलं आहेतच. त्या वडिलांकडेही मनात काही न ठेवता जा आणि विचारा, “साहेब, तुमचा वार कुठला लिहू?” चहा एखाद्या रविवारी गोड होईल, एखाद्या रविवारी पाणचट. तुम्ही आत जाऊन तो सुधारू नका. बाहेर बाकावर बसा आणि प्या.

अजून एक गोष्ट, आणि ही मला फार उशिरा कळली. 2016 साली मी न्हाणीघरात घसरले, उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मंडळीत कुणाला कळू दिलं नाही. ज्या विधवा बाईला मी कित्येक वर्षं डबा देत होते, तिला डबा आला नाही म्हणून ती स्वतःच चालत माझ्या दारात आली. माझे विस्कटलेले केस पाहून म्हणाली, “बसा, विंचरून देते.” मी नको नको म्हणत राहिले. प्रभूचा शिष्य पेत्र नाही का, प्रभू त्याचे पाय धुवायला वाकला तेव्हा नको म्हणाला, तशीच. ती ऐकेना. तेल लावलं, गुंता सोडवला, घट्ट वेणी घातली, आणि निघताना म्हणाली, “इतकी वर्षं तुम्ही मला काही करूच दिलं नाहीत.”

म्हणून सांगते, ज्यांना तुम्ही डबे देता त्यांचीही नावं पाळीच्या वहीत घाला. कुणी भाजी निवडेल, कुणाला बसल्या जागी लसूण सोलता येईल. आणि गुडघ्यांचा एक्स-रे नाताळच्या आधी काढून घ्या. नंतर म्हणाल तर तुम्ही जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.