फॅन बंद करण्याआधी पेटीत जाणारी हवा बघा

भाऊ, तुमच्या गावच्या अभ्यासिकेत जुना २४ पोर्टचा पीओई स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीजही देणारी पेटी, लावला आहे, त्यावर आठ कॅमेरे आणि दोन वायफाय चालतात आणि त्यातल्या फॅनच्या आवाजानं पोरांचं वाचनात लक्ष लागत नाही. फॅनची पिन काढावी की सायलेंट फॅन टाकावे, असं तुम्ही विचारलंय. पिन काढू नका. सायलेंट फॅनही सध्या मागवू नका.

फॅन कितीही जोरात फिरला तरी तो ओढतो त्या हवेपेक्षा पेटी थंड करू शकत नाही. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४५च्या आसपास जातो, आणि टिनाखालची खोली त्याहून तापते. बहुतेक ऑफिस स्विच ४० ते ४५ अंशांच्या हवेपर्यंतच चालवायला बनवलेले असतात. म्हणजे तुमचा स्विच दुपारी आधीच मर्यादेच्या टोकावर उभा आहे. त्यात ४० मिलिमीटरचा बारका फॅन. एवढ्याशा पात्यांनी पुरेशी हवा ढकलायची तर मिनिटाला हजारो फेरे घ्यावे लागतात, तो किर्र आवाज त्याचाच. सायलेंट फॅन शांत असतात ते मुख्यतः हळू फिरतात म्हणून, आणि हळू फिरले की हवाही कमी. शिवाय बऱ्याच स्विचमध्ये फॅनची तिसरी तार वेग कळवते. वेग कमी दिसला की स्विच फॅन बिघडल्याचा अलार्म देतो. पेटी उघडणार असाल तर हेही लक्षात ठेवा की आतल्या पॉवर सप्लायमध्ये वायर काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. सवय नसलेल्यानं तिथं हात घालू नये.

मग करायचं काय? स्विच अभ्यासिकेतून हलवा. लॅनची, म्हणजे नेटवर्कची, केबल १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे स्विच पोरांच्या डोक्यावर असण्याचं काहीच कारण नाही. शेजारची पक्क्या स्लॅबची खोली, जिन्याखालची मोकळी जागा, काहीही चालेल. फक्त उत्तरेकडची किंवा सावलीतली भिंत निवडा आणि पेटी खाली, कमरेच्या उंचीवर लावा. गरम हवा वर साचते, आणि आपले लोक रॅक, म्हणजे स्विच ठेवायचं कपाट, नेमका छताजवळ ठोकतात. रॅकचं काचेचं दार काढून ठेवा. इन्व्हर्टर त्याच कोपऱ्यात नको, तोही उष्णता सोडतो आणि त्याची बॅटरी उन्हानं लवकर मरते. टिनावर उन्हाळ्याआधी चुना मारला तर खोलीत फरक पडतो, तो पोरांनाही सुखाचा. कूलरची हवा खोलीत येऊ द्या, पण झोत थेट स्विचवर नको. पाण्याचे बारीक थेंब आणि क्षार बोर्डावर बसतात.

कापसाच्या दिवसांत एक वेगळंच दुखणं असतं. जिनिंगच्या आसपासच्या गावांत तंतू जाळीवर असे बसतात की फॅन पूर्ण वेगानं फिरूनही हवा आत जात नाही. दिवाळीनंतर आणि होळीच्या सुमारास स्विच बंद करून मऊ ब्रशनं जाळी साफ करा. ब्लोअर मारताना पातं बोटानं किंवा काडीनं धरून ठेवा, नाहीतर बेअरिंग खराब होतं. बऱ्याच स्विचमध्ये फॅनचा वेग आतल्या तापमानावर ठरतो, म्हणून हवा मोकळी झाली की आवाज आपोआप उतरतो. वेग निम्मा झाला तर सुमारे १५ डेसिबलनं. जुन्या काही मॉडेलमध्ये मात्र फॅन कायम एकाच वेगानं फिरतो.

खरं सांगायचं तर तुमच्या कामाला हा स्विच मोठा आहे. साधा कॅमेरा सहा-सात वॅट घेतो, वायफाय दहा-बारा. सगळं मिळून ७०-८० वॅट. एवढ्याला बिनफॅनचे दोन आठ पोर्टचे पीओई स्विच पुरतात. प्रत्येकाचं पीओई बजेट, म्हणजे सगळ्या पोर्टांना मिळून देता येणारी वीज, ६० वॅटच्या वर बघा. पण बिनफॅनच्या स्विचवर काही ठेवू नका, आणि लेबलवर ५० अंश किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असेल तरच घ्या.

आत्ताचा स्विच हलवल्यावर एप्रिलच्या एखाद्या दुपारी तीन वाजता त्याच्या सेटिंगच्या पानावरचं तापमान बघा, आणि पेटीशेजारी साधा थर्मामीटर लटकवून तोही आकडा घ्या. दोन्ही आकडे आणि मॉडेल इथं टाका, म्हणजे फॅनचा वेग सुरक्षितपणे उतरवता येतो का ते सांगतो.