जुना प्लाझ्मा टीव्ही स्वस्तात मिळतोय. घरासाठी तो घ्यावा की नवीन एलसीडी?

नवीन एलसीडी घ्या. प्लाझ्माचं चित्र वाईट असतं म्हणून नव्हे. उलट मला ते आजही फार आवडतं. पण पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्मा बनवणं थांबवलं आणि २०१४ मध्ये सॅमसंग, एलजीही त्यातून बाहेर पडले. म्हणजे तुम्हाला मिळणारा संच दहा वर्षांहून जुना असणार. पॅनल गेलं तर नवीन कुठून आणणार?

चित्रातला फरक खरा आहे. प्लाझ्मात प्रत्येक बिंदू म्हणजे वायू भरलेले इवलेसे कप्पे, जे स्वतःच उजळतात आणि जवळजवळ विझतातही. त्यामुळे रात्रीचं दृश्य काळंभोर दिसतं, वेगाने जाणारा चेंडू पुसट होत नाही, बाजूला बसूनही रंग फिके पडत नाहीत. एलसीडीत मागे दिवा असतो आणि द्रवस्फटिकांचा थर तो अडवतो. थोडा उजेड झिरपतोच, म्हणून काळा रंग करडा वाटतो.

भरपूर उजेडाच्या खोलीत मात्र एलसीडीच सरस. प्लाझ्माची काच चकाकते, वीज जास्त लागते, संच तापतो, वजनही भारी. शिवाय वाहिनीचा लोगो तासन्‌तास एकाच जागी राहिला की त्याचा डाग पडू शकतो. तरीही जुना घ्यायचाच असेल, तर पडदाभर एकच फिका रंग लावून हा डाग आधी तपासा.

खोली अंधारी असेल आणि तसा काळा रंग हवाच असेल, तर जास्त पैसे घालून ओलेड टीव्ही बघा, त्यातही प्रत्येक बिंदू स्वतःच उजळतो आणि विझतो. डागाची काळजी तिथेही घ्यावी लागते.