क्लच असलेली ‘हायब्रिड’ आणि मार्चचा हप्ता

चाकणहून आलेलं पत्र, थोडक्यात:

“वय 41. पगार हातात 1 लाख 10 हजार. पत्नी गृहिणी, मुलं 12 आणि 7 वर्षांची. गृहकर्ज 38 लाख बाकी, हप्ता 36 हजार. कामावर जाण्यायेण्यात महिन्याला 1,200 किलोमीटर होतात, जुनी हॅचबॅक लिटरला 14 देते. 2022 ची ग्रँड व्हिटारा हायब्रिड, डेल्टा, 42 हजार चाललेली, 11 लाखांना मिळते आहे. चालवून बघितली, क्लच एकदम हलका. डीलर म्हणतो 28 चं ॲव्हरेज आहे आणि बॅटरीला 8 वर्षांची वॉरंटी. 9 लाखांचं कर्ज 12 टक्क्यांनी, 5 वर्षांसाठी. अर्धा हप्ता पेट्रोलच्या बचतीतून निघेल. उरलेल्या 2 लाखांसाठी 3 लाखांची एफडी मोडू की मार्च 2024 मध्ये बँकेतून घेतलेला गॅरंटीड प्लॅन? त्यात दीड लाखाचे दोन हप्ते भरलेत, 15 लाखांचा विमाही आहे. टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घेतला नाही, कारण त्यात काहीच परत मिळत नाही. बॅटरीचं काय तपासावं? 11 हजार टोकन दिलंय.”

बॅटरीचं काही तपासू नका. तुम्ही ज्या बॅटरीबद्दल विचारताय ती या गाडीत नाहीच.

तुमच्याच पत्रात उत्तर आहे: क्लच हलका आहे. ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडला, म्हणजे काही अंतर नुसत्या बॅटरीवरही चालणाऱ्या गाडीला, क्लच नसतोच, ती ई-सीव्हीटी, म्हणजे ऑटोमॅटिक आहे. 2022 मध्ये स्ट्राँग हायब्रिड फक्त झेटा प्लस आणि अल्फा प्लस या व्हेरियंटमध्ये येत होती. तुमची डेल्टा म्हणजे ‘स्मार्ट हायब्रिड’, माइल्ड. सिग्नलला इंजिन बंद-चालू करायला आणि जोर लागतो तिथे थोडा हात द्यायला तिच्यात लहानशी बॅटरी आहे. तेवढ्यावर गाडी एक फूटही पुढे जात नाही. 28 चा आकडा स्ट्राँगचा, तोही प्रयोगशाळेतला. 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटीही स्ट्राँगच्याच बॅटरीवरची. डीलरने दोन्ही गोष्टी उचलून या गाडीला चिकटवल्या आहेत.

आता बचत बघू. पेट्रोल 105 धरा. जुन्या गाडीला महिन्याला 86 लिटर लागतं. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये ही माइल्ड 15 देईल, म्हणजे 80 लिटर. बचत 6 लिटर, सहाशे-साडेसहाशे रुपये. कर्जाचा हप्ता 20 हजार! बरं, डीलरचे 28 जसेच्या तसे खरे मानले तरी वाचतात साडेचार हजार, म्हणजे हप्त्याचा पाव हिस्सासुद्धा नाही. ‘अर्धा हप्ता निघेल’ हा हिशोब कुणी कागदावर मांडलाच नव्हता. शिवाय पाच वर्षांत 9 लाखांचे 12 लाख फेडाल ते वेगळेच.

पुढे कधी खरी स्ट्राँग हायब्रिड बघायला गेलात तर एवढं करा. अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेऊन हायब्रिड सिस्टिमची तपासणी करून घ्या आणि रिपोर्ट लेखी मागा. सर्व्हिसची सगळी नोंद बघा, पाण्यात बुडालेली गाडी असेल तर मागे फिरा. बॅटरीला हवा घेणारी जाळी धूळ-केसांनी भरलेली नाही ना, ते टॉर्च मारून बघा. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलल्यावर नव्या गाड्या स्वस्त झाल्या. त्यामुळे जुन्या गाडीचा भाव आजच्या नव्या गाडीच्या कोटेशनवरून पाडा, मालकाच्या तीन वर्षांपूर्वीच्या बिलावरून नाही. मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. ‘इन्शुरन्स फुल आहे साहेब’ यावर भाव वाढवून देऊ नका.

गाडीचं एवढं पुरे. मला चिंता वाटली ती दुसऱ्याच वाक्याची: ‘टर्म घेतला नाही’.

उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर पत्नीच्या हातात 15 लाख येतील आणि बँक 38 लाख मागेल. सगळे 15 लाख बँकेला दिले तरी 23 लाखांचं देणं उरतं, आणि शाळेची फी, किराणा, लाइट बिल यांना शून्य. गृहकर्ज घेताना बँकेने सोबत एखादा विमा चिकटवला असेल तर फाईल काढून बघा. अशा विम्याची रक्कम बहुतेक वेळा कर्जाबरोबर कमी होत जाते. त्यात घरखर्च निघत नाही.

‘काहीच परत मिळत नाही’ म्हणून टर्म नको म्हणणारे तुम्ही पहिले नाही. गाडीचा विमा दरवर्षी भरता, त्यातलं काय परत मिळतं? आणि परत मिळतं म्हणून जे घेतलंत, त्यात किती मिळतं ते तरी बघा. 15 लाखांचा विमा आणि दीड लाखाचा हप्ता या आकड्यांवरून प्लॅन नेहमीचा दिसतो: दहा वर्षं दीड लाख भरा, विसाव्या वर्षाच्या शेवटी साधारण 32 लाख घ्या. (तुमच्या कागदावरचा आकडा वेगळा असेल तर तो घालून बघा, चित्र फार बदलणार नाही.) “पंधराचे बत्तीस, दुपटीहून जास्त,” असं बँकेचा मॅनेजर म्हणाला असेल. परतावा पडतो 5 टक्के. तेच दीड लाख पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी 44 लाख झाले असते. पीपीएफचा दर सरकार बदलू शकतं, मान्य. पण 12 लाखांचा फरक त्यातून भरून निघत नाही. एफडीचं नाव सांगून विमा विकायचा आणि त्यात विमाही पुरेसा द्यायचा नाही, हे त्या काउंटरवर रोज चालतं.

आता मोडायचा का? मोडायचा. पण गाडीसाठी नाही.

तीन लाख भरलेत. ऑक्टोबर 2024 च्या आधी विकलेल्या अशा पॉलिसीवर दोन हप्त्यांनंतर भरलेल्या पैशांच्या तिशी-पस्तिशी टक्क्यांच्या आसपासच हातात येतं. म्हणजे लाखभर. कंपनीकडून सरेंडरचा, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडल्यावर मिळणाऱ्या रकमेचा, आकडा लेखी घ्या. दोन लाखांचा फटका बघून तुम्ही म्हणाल, आता भरतच राहू. तर उरलेल्या आठ हप्त्यांचाच हिशोब करा. तेच आठ दीड लाख पीपीएफमध्ये गेले तर त्याच मुदतीला साधारण 33 लाख होतात. प्लॅन 32 देणार आहे. भरलेले तीन लाख पूर्ण बुडाले असं धरलं तरी बाहेर पडणं परवडतं, आणि लाखभर परत मिळतातच. ते गृहकर्जाच्या मुद्दलात भरा.

क्रम मात्र चुकवू नका. आधी टर्म. दीड कोटींचं कव्हर, वयाच्या 60 पर्यंत. सिगारेट ओढत नसाल आणि तब्येत ठीक असेल तर वर्षाला 25-30 हजारांच्या आत-बाहेर बसेल, आणि वैयक्तिक विम्यावर आता जीएसटीही नाही. अर्ज भरताना विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी मागा, म्हणजे ती रक्कम पत्नी-मुलांची राहते, देणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन, काहीही लपवू नका. पॉलिसी हातात आली की मगच गॅरंटीड प्लॅनच्या सरेंडरचा अर्ज द्या, आणि खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची बँकेला दिलेली परवानगी मार्चच्या आधी रद्द करा. नाहीतर तिसरे दीड लाख जातील आणि तुम्हाला एसएमएसवर कळेल.

एफडीला हात लावू नका. तीन लाख म्हणजे तुमच्या घराचे तीन-साडेतीन महिने, तेही कमीच आहेत.

आणि ही गाडी घेतली असतीत तर? 36 अधिक 20 अधिक प्लॅनचे महिना साडेबारा, 68-69 हजार पगार आल्या दिवशीच गेले असते. उरलेल्या एक्केचाळीस हजारांत चार माणसांचं घर.

गाडी बदलायचीच असेल, तर तुम्हाला हवी ती बचत सीएनजीत आहे. कंपनी फिटेड सीएनजीची वॅगन आर तीन-चार वर्षांची, पाच-साडेपाच लाखांत मिळते. किलोला 26 किलोमीटर आणि 90 चा भाव धरला तर महिन्याचा खर्च चार-सव्वाचार हजार. आज तुमचे नऊ हजार जातात. डिकी सिलिंडर खातो आणि पंपावर रांग लागते, हे आधीच सांगतो. पण तीही टर्म झाल्यावर, आणि कर्ज तीन लाखांच्या वर नको.

टोकनचं राहिलं. पावती काढा. त्यावर किंवा डीलरच्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये ‘28 ॲव्हरेज’ किंवा ‘8 वर्षं बॅटरी वॉरंटी’ लिहिलं असेल, तर तो स्क्रीनशॉट पाठवून, व्हेरियंटचं नाव खाली लिहून, 11 हजार परत मागा. वाद घालत बसू नका, आणि ‘साहेब, यातलीच स्ट्राँग दाखवतो, अजून दोन लाख टाका’ असा फोन आला तर ठेवून द्या.