किडनी दिली, आता राग येतो

पत्र: मावशी, मी इंदूरची, वय ४१. आठ महिन्यांपूर्वी दादाला किडनी दिली. तीन वर्षं तो डायलिसिसवर होता, आता हिंडतो-फिरतो. राखीच्या रात्री आम्ही सगळे सराफ्यात खायला गेलो. दहाला त्याच्या गोळ्यांचा अलार्म वाजला. त्यानं तो बंद केला आणि भुट्ट्याच्या किसाची दुसरी प्लेट मागवली. गोळ्या घरीच राहिल्या होत्या. मी गप्प बसले आणि घरी येऊन रडले. आई म्हणते, "दिलंस ना, मग विसर आता." दिल्यावर असा राग यावा याची लाज वाटते. – एक बहीण, टिळक नगर

बाळ, लाज कसली? तू राखी बांधलेल्या हातानं त्यानं अलार्म बंद केला. ते बघून कुठल्याही बहिणीला राग आला असता.

माझ्या नणंदेनं मामंजींना किडनी दिली होती. भेटायला येणारा जो तो फळांची पिशवी घेऊन त्यांच्या खाटेशी जाई. ती शेजारच्या खोलीत उशी पोटाशी धरून बसलेली असायची, कारण खोकला आला की टाके ओढायचे. घरी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ती पोळ्या लाटायला उभी राहिली, आणि आम्ही तिला उभी राहू दिली. मीसुद्धा. तिला कसं वाटतंय, हे मी तिला विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुला विचारते: तुझी स्वतःची तपासणी शेवटची कधी झाली? एवढ्या पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही.

दादाचं सांगते. डायलिसिसच्या माणसाला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं, केळं नाही, शहाळं नाही. तीन वर्षं तसं काढल्यावर माणूस खाण्यावर तुटून पडतो. त्यात स्टिरॉइडच्या गोळ्यांनी भूक खवळते, चिडचिडही होते. त्याचं खाणं तुझ्या किडनीची किंमत नसल्यामुळे आहे, असं मनात धरू नकोस.

गोळ्यांचं मात्र सोडून देऊ नकोस. टॅक्रोलिमससारखी गोळी साधारण बारा-बारा तासांनी ठरल्या वेळीच घ्यायची असते. ती वरचेवर चुकली, तर शरीर त्या किडनीला परकी समजून तिच्यावर उलटतं. सुरुवातीला दुखत-खुपत काही नाही, फक्त रक्ताच्या रिपोर्टात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा कचरा, वाढलेलं दिसतं. एखादी वेळ चुकलीच तर दुप्पट घ्यायची नाही, ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन करून विचारायचं. प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवलेली असते, म्हणून गाडीवरच्या उघड्या चटण्यांचंही त्यांनाच विचारा.

हे त्याला चारचौघांत बोलू नकोस. दुपारी दोघंच असताना सांग, "दादा, दहाचा अलार्म वाजला की माझ्या पोटात गोळा येतो." एवढंच पुरे. 'माझी किडनी' हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नकोस. ती आता त्याची आहे. तू हक्क सांगितलास तर तो पुढची चूक तुझ्यापासून लपवील, आणि लपवलेली चूक जास्त वाईट. एक लहान डबी दे, रात्रीची गोळी खिशात राहील. वहिनीला सोबत घे, पण पहारेकरी करू नकोस.

आईच्या बोलण्याचाही राग धरू नकोस. तिची दोन्ही लेकरं एकाच सकाळी ऑपरेशनला आत गेली होती. 'विसर' हे ती स्वतःलाच सांगत असेल.

आता तुझं. दात्याला दरवर्षी रक्तदाब, लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन बघावं लागतं. तुझं क्रिएटिनिन पूर्वीपेक्षा थोडं जास्त येईल, तर घाबरू नकोस. एक किडनी दोघींचं काम बरंचसं उचलते, पण सगळं नाही. पाठ दुखली म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक आपल्या मनानं घ्यायचं नाही. कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस तर आधी सांगायचं, की मला एकच किडनी आहे.

दादाची पुढची तारीख असेल त्याच दिवशी तुझीही वेळ घे. तुझी फाईल त्याच्या हातात दे आणि तू आत जा. इतकी वर्षं तुम्ही सगळे त्याच्यासाठी बाहेरच्या बाकावर बसलात. त्या दिवशी तो बसेल. बसू दे त्याला.

– मावशी