२०२५-२६ सीझनआधी रियल माद्रिद आणि बार्सिलोना, कोणाची टीम जास्त भारी वाटते?

माझं मत सरळ बार्सिलोना, पण मागच्या वर्षीइतकं सोपं जाणार नाही. गेल्या म्हणजे २०२४-२५ च्या सीझनमधे चारही एल क्लासिको (या दोघांमधल्या मॅचेस) बार्सानेच जिंकले, लीगमधे १०२ गोल मारले आणि ती पुढची फळी तशीच आहे, यमाल, राफिन्या, लेवांडोव्स्की, त्यात आता रॅशफोर्ड लोनवर (दुसऱ्या क्लबकडून उसना) आलाय. आणि मधे पेद्री! तो फिट राहिला तर मॅचचा वेग तोच ठरवतो, माझ्यासाठी स्पेनमधला सगळ्यात महत्त्वाचा खेळाडू तोच. गोलकीपर जोआन गार्सिया एस्पान्योलकडून आणला तेही बरंच झालं.

काळजी एकच, डिफेंडर इनिगो मार्तिनेझ क्लब सोडून गेला. कोच फ्लिकची डिफेन्स लाईन इतकी वर उभी असते की एक जण जरी मागे राहिला तर ऑफसाइडचा सापळा फसतो आणि समोरचा थेट गोलकीपरपुढे, ती लाईन सांभाळायचं काम इनिगो करायचा, आता ते कुबार्सीला जमायला हवं आणि तो तर सीझन सुरू होताना १८ चाच होता.

माद्रिदने मात्र बरोबर दुखणं ओळखलंय. मागच्या वर्षी कार्वाहाल आणि मिलिताओ दोघांचे गुडघे गेले आणि डिफेन्स पार कोलमडला, म्हणून आता ट्रेंट, हाउसेन, कारेरास असे तिघे डिफेंडर आणलेत. एमबाप्पेने लीगमधे ३१ गोल केले तरी टीम दुसरीच आली कारण क्रूस २०२४ मधे रिटायर झाल्यापासून मिडफिल्डमधून बॉल शांतपणे पुढे नेणारा कोणी नाही, आणि आता मॉड्रिचपण मिलानला गेला. ते कोडं सीझन सुरू होताना कोच असलेला शाबी अलोन्सो कसं सोडवतो त्यावर सगळं अवलंबून होतं.