विंडोज १० वरून ११ वर: जावं की थांबावं?

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली. तेव्हापासून या सदराकडे ह्याच विषयाची पत्रं येत आहेत. त्यातली पाच इथं घेतली आहेत. प्रत्येकाचं मशीन वेगळं, काम वेगळं, म्हणून उत्तरंही एकसारखी नाहीत.

प्रश्न: वसमतला माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. दोन डेस्कटॉप आहेत, दोन्ही आय५-८४००, ८ जीबी रॅम, एसएसडी. ‘पीसी हेल्थ चेक’ म्हणतं, विंडोज ११ साठी पात्र नाही. प्रोसेसर तर यादीत बसतो. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन, प्रिंटर, सगळं ह्यांच्यावरच आहे. अपग्रेड करावं का राहू द्यावं?

उत्तर: करावं. तुमच्या मशीनमध्ये खोट नाही, एक बटण बंद आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, म्हणजे मशीनच्या किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय. आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरसोबत ते आतच येतं, पण त्या काळातल्या बऱ्याच मदरबोर्डवर कंपनीनं ते बंद ठेवूनच पाठवलं होतं. विंडोज आणि आर एकत्र दाबून ‘टीपीएम डॉट एमएससी’ ही आज्ञा इंग्रजीत द्या. टीपीएम सापडत नाही असं आलं, तर मशीन चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंगमध्ये, जा आणि ‘इंटेल पीटीटी’ चालू करा. एएमडीच्या बोर्डवर ह्यालाच ‘एफटीपीएम’ म्हणतात.

खरी गाठ पुढं आहे. ‘एमएसइन्फो३२’ उघडून ‘बायोस मोड’ बघा. तिथं ‘यूईएफआय’ (मशीन चालू होण्याची नवी पद्धत) असेल तर सुटलात. ‘लेगसी’ (जुनी पद्धत) असेल तर डिस्कवरच्या भागांची नोंदही जुन्या एमबीआर पद्धतीची आहे, ती नव्या जीपीटी पद्धतीची करावी लागेल. त्यासाठी विंडोजमध्येच ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन आहे. अॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी ‘व्हॅलिडेट’, ते पास झालं तरच ‘कन्व्हर्ट’, आणि दोन्ही वेळा ‘अलाऊफुलओएस’ हा पर्याय जोडायचा. डेटा राहतो, तरीही आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी काढा.

व्हॅलिडेटच नापास होतं असं पुष्कळ ठिकाणी घडतं. कारण आपल्याकडं मशीन बांधून देणारे सवयीनं सी, डी, ई असे भाग पाडतात आणि त्यातले डी, ई बहुधा ‘लॉजिकल’, म्हणजे एका मोठ्या भागाच्या पोटातले, असतात. हे साधन लॉजिकल भाग असलेली डिस्क घेत नाही. प्रायमरी भागही तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. अशा वेळी डी आणि ई मधला माल बाहेर काढून ते भाग डिस्क मॅनेजमेंटमधून काढून टाका आणि पुन्हा व्हॅलिडेट करा. क्रमही सांभाळा: आधी डिस्क बदलायची, मग बायोसमध्ये ‘सीएसएम’ (जुन्या पद्धतीची सोय) बंद करून यूईएफआय आणि सिक्युअर बूट (खात्री नसलेला प्रोग्राम सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू करायचं. उलट केलंत तर मशीन चालूच होत नाही आणि माणूस घाबरतो. तसं झालं तर सीएसएम परत चालू करा, जुनं विंडोज जिथल्या तिथं असतं.

इतकं झालं की अपग्रेड स्वतः सोपं आहे. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल (अख्खं विंडोज एका फाइलीत) एकदाच उतरवा. ती पाच जीबीच्या पुढं जाते, म्हणून भरपूर जागेचा पेनड्राइव्ह ठेवा. दोन्ही मशीनला तोच चालतो. चालू विंडोजमधूनच सेटअप चालवा आणि फाइल व अॅप ठेवण्याचा पर्याय निवडा. सी ड्राइव्हवर निदान ३० जीबी मोकळे असू द्या. मधे लाइट गेली तर सेटअप बहुतेक वेळा मागं फिरून जुनं विंडोज उभं करतं, पण त्या भरवशावर राहू नका. इन्व्हर्टरवरच काम करा. लहान यूपीएस दहा-पंधरा मिनिटांत मान टाकतो, आणि एसएसडीवरही तास-दीड तास सहज जातो. बाहेरचा अँटीव्हायरस आधी काढा आणि टोकन, अंगठ्याचं मशीन, प्रिंटर उपसून ठेवा. ‘०एक्ससी१९००१०१’ ने सुरू होणारी एरर आली की समजावं, कुठला तरी ड्रायव्हर आडवा आलाय.

दोन्ही मशीन एकाच दिवशी करू नका. एक करा, आठवडाभर त्यावर गिऱ्हाईक घ्या, मग दुसरं. आणि पीकविमा व प्रवेशाच्या गर्दीत तर हात लावूच नका. अपग्रेडनंतर अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (आधारसाठी ते मशीन चालवणारा प्रोग्राम) आणि टोकनचा ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून नव्यानं टाका. टोकन दिसतं पण सही होत नाही असं झालं तर विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘कोअर आयसोलेशन’ खाली ‘मेमरी इंटिग्रिटी’ बघा. जुने ड्रायव्हर ती अडवते, आणि न जुळणाऱ्या ड्रायव्हरची नावंही तिथंच मिळतात. ती बंद करण्यापेक्षा ड्रायव्हर नवा घ्यावा. काहीच जमलं नाही तर सेटिंग, सिस्टिम, रिकव्हरी इथून दहा दिवसांच्या आत मागं जाता येतं. त्या दहा दिवसांत डिस्क क्लीनअपनं ‘जुनं विंडोज’ पुसू नका, नाहीतर परतीची वाट बंद.

वेग वाढेल ही अपेक्षा मात्र ठेवू नका, तो तेवढाच राहील. लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील रोज ज्या मशीनवरून जातात, त्याला सुरक्षा अपडेट मिळत राहावीत, एवढंच कारण आहे आणि तेवढं पुरेसं आहे.

प्रश्न: मी बी.कॉम.ला आहे, राहणार गेवराई. माझा लॅपटॉप आय३-४००५यू, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. चालू व्हायलाच पाच मिनिटं घेतो. दुकानदार म्हणाले, ८०० रुपयांत विंडोज ११ टाकून देतो, पळायला लागेल. टाकून घेऊ का?

उत्तर: नको. तुमचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा आहे. विंडोज ११ ची यादी इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. (एएमडीवाल्यांनी नुसत्या आकड्यावर जाऊ नये, लॅपटॉपमधला रायझन ५ २५००यू यादीत नाही.) तपासणी चुकवून ते टाकता येतं, दुकानदार तेच करणार. मशीन चालूही होईल. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही. दर वेळी तीच कसरत. त्यात ‘अॅक्टिव्हेशन’साठी क्रॅक (परवान्याशिवाय चालवणारा चोरटा प्रोग्राम) टाकायचा म्हणून कुणी डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) बंद करायला सांगितलं, तर लॅपटॉप उचलून सरळ घरी यावं. जे सुरक्षेसाठी करायचं, त्याचीच कडी आतून काढून दिल्यासारखं ते आहे.

तुमचा लॅपटॉप मंद आहे तो विंडोज १० मुळं नाही, हार्ड डिस्कमुळं. टास्क मॅनेजर उघडा, ‘डिस्क’ खाली १०० टक्के दिसत राहील. २.५ इंची साटा एसएसडी, २४० किंवा २५६ जीबीची, हार्ड डिस्कच्याच जागी बसते. एनव्हीएमई (चपटी, नव्या पद्धतीची एसएसडी) घेऊ नका, ह्या लॅपटॉपमध्ये तिला जागा नाही. रॅम वाढवायची तर ‘डीडीआर३एल’ मागा, १.३५ व्होल्टवाली. नुसती ‘डीडीआर३’ दिली तर ती १.५ व्होल्टची असते. बसते खाचेत बरोबर, पण लॅपटॉप चालू होत नाही, आणि दोष मदरबोर्डवर जातो. मागचं झाकण उघडलंच आहे तर पंख्यातली धूळ काढून घ्या आणि थर्मल पेस्ट बदला. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, त्यावर कुठलंही विंडोज उपाय नाही.

जुनी डिस्क बाजूला टाकण्याआधी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’नं तिची तब्येत बघा. ‘कॉशन’ दाखवत असेल तर क्लोन (हुबेहूब प्रत) करू नका, फाइल उतरवून एसएसडीवर विंडोज नव्यानं टाका.

राहिला अपडेटचा प्रश्न. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं एक वर्षाची वाढीव मुदत ठेवली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज १० ची आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन हवं. सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक येते. सेटिंगचा बॅकअप खात्याशी जोडला तर पैसे लागत नाहीत. नाहीतर १००० मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. एका खात्याच्या नोंदणीवर दहा मशीन बसतात, घरातला दुसरा कॉम्प्युटरही घ्या त्यात.

मुदत संपल्यावर ह्याच लॅपटॉपवर लिनक्स मिंट ह्या मोफत प्रणालीची (ती विंडोजऐवजी चालते) हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ब्राउझर, लिबरऑफिस, व्हिडिओ, मराठी इनस्क्रिप्ट, सगळं चालतं. टॅली मात्र सरळ चालत नाही, बी.कॉम.च्या सरावासाठी ती लागणार असेल तर तेवढ्यापुरता कॉलेजच्या लॅबचा आधार घ्या. पेनड्राइव्हवरून न टाकताच चालवून बघता येतं, वाय-फाय आणि आवाज येतो का ते आधी तिथंच तपासा.

प्रश्न: उदगीरजवळच्या आमच्या पतसंस्थेचं खातेवहीचं सॉफ्टवेअर फॉक्सप्रोचं आहे, डॉसमधलं. ३२ बिट विंडोज १० वर चालतं, डॉट मॅट्रिक्सवर पासबुक निघतं. लेखापरीक्षक म्हणतात, विंडोज ११ करून घ्या. सॉफ्टवेअर करून देणारा आता संपर्कात नाही.

उत्तर: लेखापरीक्षकांची काळजी रास्त आहे, पण ह्या मशीनवर तो उपाय लागू पडत नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. ३२ बिटवरून ६४ बिटवर सरळ अपग्रेड होत नाही, डिस्क पुसूनच टाकावं लागतं. आणि डॉसचे प्रोग्राम चालवणारा भाग ६४ बिट विंडोजमध्ये नसतोच. म्हणजे अपग्रेडच्या दुसऱ्या दिवशी काउंटर बंद.

आधी हे मशीन इंटरनेटवरून तोडा. मुदत संपली म्हणून विंडोज १० चालायचं थांबत नाही. धोका बाहेरून येणाऱ्याचा आहे. मेल, बँकेची कामं, सरकारी पोर्टल ह्यांसाठी वेगळं मशीन ठेवा. तोडलेल्या मशीनला पेनड्राइव्हही एकच, संस्थेचाच. मग पूर्ण डिस्कची क्लोन प्रत काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवा आणि तिच्यावरून मशीन एकदा चालू करून बघा. न तपासलेली प्रत धरू नये. रोजचा बॅकअप घेताना प्रोग्राममधून बाहेर पडूनच फोल्डर कॉपी करा. चालू असताना घेतलं तर डीबीएफ फाइल (खऱ्या नोंदींची) एका क्षणाची आणि सीडीएक्स किंवा आयडीएक्स इंडेक्स (शोधाची सूची) दुसऱ्या क्षणाचा येतो, मग नोंदी असूनही शोधात सापडत नाहीत. एफपीटी फाइल (लांब मजकुराच्या) असल्या तर त्याही सोबत हव्यात.

दरम्यान, एका ६४ बिट मशीनवर ‘डॉसबॉक्स-एक्स’ (डॉसचे प्रोग्राम चालवणारं साधन) टाकून डेटाच्या प्रतीवर प्रयोग करा, मूळ डेटावर नाही. छपाई प्रिंटरपर्यंत पोचते का, पासबुकाच्या ओळी जागेवर पडतात का, आणि दोन काउंटरवरून एकाच खात्यात नोंद करायला गेलं तर दुसऱ्याला कुलूप लागतं का, हे तिन्ही बघा. तिसरं फसलं तर ही वाट सोडा. एक दिलासा आहे: डीबीएफ फाइल लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडतात. त्यामुळं नव्या सॉफ्टवेअरवाल्यानं “जुना डेटा निघतच नाही” म्हणून जास्त पैसे सांगितले, तर त्याच्यासमोर फाइल उघडून दाखवा.

प्रश्न: परतूरला डीटीपीचं काम करतो. नवीन मशीनवर विंडोज ११ कोरं टाकलं, तर जुन्या मराठी फाइलींचा अक्षरप्रकारच बदलला. कृतिदेवच्या फाइलीत तर नुसती इंग्रजी अक्षरं.

उत्तर: दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे युनिकोड फाँट इंग्रजी भाषेत कोरं विंडोज टाकल्यावर येत नाहीत. त्यांच्या जागी निर्मला लागतो आणि ओळी सरकतात. सेटिंग, सिस्टिम, ऑप्शनल फीचर्स इथं ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ शोधून टाका, फाइली पूर्ववत दिसतील. कृतिदेव विंडोजचा नव्हे, तो युनिकोड नसलेला जुना फाँट आहे. जुन्या मशीनच्या फाँट फोल्डरमधून टीटीएफ फाइली आणा आणि राइट क्लिक करून ‘सगळ्या वापरकर्त्यांसाठी’ टाका. डाँगलवर (मशीनला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालणारं मराठी सॉफ्टवेअर असेल, तर डाँगलचा ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का हे विचारूनच जुनं मशीन विका.

प्रश्न: अंबाजोगाईहून लिहीत आहे. दुकानातून विंडोज ११ टाकून आणलं, महिनाभर चाललं. बायोस अपडेट केल्यावर आता निळा स्क्रीन येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. आम्ही कधी कुलूप घातलंच नव्हतं.

उत्तर: तुम्ही नाही, विंडोजनं घातलं. २४एच२ आवृत्ती कोरी टाकून मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की बहुतेक मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही, आणि तिची किल्ली, म्हणजे ही रिकव्हरी की, त्या खात्यात जमा होते. बायोस किंवा टीपीएममध्ये बदल झाला की ती विचारली जाते. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करा, डिव्हाइसच्या पानावर रिकव्हरी की असतात. निळ्या स्क्रीनवरच्या ‘की आयडी’ची पहिली आठ अक्षरं जुळतील तीच तुमची.

खात्यात काही नसेल, तर दुकानदाराला विचारा की टाकताना कुणाच्या ईमेलनं लॉगिन केलं होतं. घाईत त्यानं स्वतःच्या खात्यानं केलं असेल, तर तुमच्या डिस्कची किल्ली त्याच्या खात्यात पडली आहे. तिथंही नसेल तर डेटा गेला; पैसे घेऊन उघडून देतो म्हणणाऱ्याकडं जाऊ नका, विंडोज पुन्हा टाकायचं तेवढं राहतं. की मिळाली तर आत गेल्यावर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ एकदा बंद करा, स्वतःच्या खात्यानं लॉगिन करून परत चालू करा, आणि नवी की कागदावर उतरवून घरी ठेवा, लॅपटॉपच्या पिशवीत नको.